मुक्काम पोस्ट उसाचा फड

भाऊबीज उरकते न उरकते तोच धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांच्या खालच्या रस्त्यावर ट्रक येऊन उभे राहतात. मुकादम एकेका घराचं नाव घेतो, आणि ट्रकमध्ये सामान चढू लागतं: पातेली, गोधड्या, मक्याच्या पिठाची गोणी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कोयते, आणि सगळ्यांत वर मुलं. शहाद्याकडचे, तळोद्याकडचे, नवापूरकडचेही निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, बरेचसे तापीच्या खालच्या अंगाला, गुजरातमधल्या बारडोली, मढी, महुवा, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे. पुढचे पाच-सहा महिने त्यांचा पत्ता म्हणजे उसाचा फड, आणि तोही दर काही दिवसांनी बदलणारा.

ट्रकमध्ये काय चढत नाही, तेही पाहण्यासारखं असतं. घराच्या आढ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेली कागदपत्रं बहुधा मागेच राहतात. रेशन कार्ड म्हातारीकडे राहतं. रोजगार हमीचं जॉब कार्ड ग्रामपंचायतीच्या हद्दीबाहेर कामाचं नाही. अंगणवाडीच्या वहीतलं पोराचं नाव, शाळेच्या हजेरीपटातला क्रमांक, गरोदर बाईला २०१५ पासून अमृत आहार योजनेत मिळणारं एक वेळचं पूर्ण जेवण, हे सगळं गावात राहतं. योजना घरी, माणूस फडात.

हा सगळा मुलूख ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली, आणि त्यातले जवळपास ७० टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. इथे योजना कमी आहेत असं कुणी म्हणू नये. म्हाताऱ्यांना श्रावणबाळ, निराधारांना संजय गांधी, पोरांना खिचडी, बाळंतिणीला आहार, हाताला काम, पावसाळ्यात खावटी. गंमत अशी, की ही जवळजवळ सगळी यादी एका देशात पाच-सहा वर्षांच्या आत एकदम जन्माला आली होती, आणि तो देश तेव्हा आपल्यावर राज्य करत होता.

१९०६ ते १९११ या काळात ब्रिटनच्या लिबरल सरकारने कष्टकऱ्यांसाठी कायद्यांमागून कायदे केले. १९०६ मध्ये शाळेत जेवण, १९०७ मध्ये शाळेत वैद्यकीय तपासणी, १९०८ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन, १९०९ मध्ये रोजगार केंद्रं आणि काही धंद्यांत किमान मजुरी, १९११ मध्ये आजारपण आणि बेकारीचा विमा. पुस्तकांत ही हकिगत दयाळू राजकारण्यांची म्हणून सांगतात. मला ती कारकुनांची गोष्ट वाटते. पैसे मंजूर झाल्यावर खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, तू कोण, तुझं वय काय, तू राहतोस कुठे? सगळा कायदा त्या तीन प्रश्नांत अडकतो किंवा सुटतो.

१ जानेवारी १९०९, शुक्रवार. त्या दिवशी ब्रिटनभरच्या पोस्टांत सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना आठवड्याचे पाच शिलिंग मिळायला लागले. पहिल्या फेरीतच घेणारे पाच लाखांहून अधिक होते. रक्कम फार नव्हती. मोठी गोष्ट होती ती जागा. तोवर गरीब म्हाताऱ्याला सरकारी मदत म्हणजे वर्कहाऊस: दगडी भिंती, ठरावीक कपडे, नवरा एका विभागात आणि बायको दुसऱ्यात. गरीबखात्याची मदत घेतली की मताचा हक्कही जायचा. नव्या कायद्याने स्पष्ट लिहिलं की पेन्शन घेतल्याने मत जाणार नाही, आणि पैसे मिळतील ते जिथे सगळा गाव पत्रं टाकायला जातो तिथेच. म्हातारी माणसं मान वर करून आत जाऊ शकली. फुकट मात्र काही नव्हतं. वीस वर्षांचा रहिवास दाखवा, अलीकडच्या दहा वर्षांत तुरुंगात गेलेले नसाल, अंगात ताकद असून कामचुकारपणा केलेला नसेल, आणि पूर्ण रकमेसाठी वर्षाचं उत्पन्न २१ पौंडांच्या आत असेल तर.

२१ पौंड. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादाही वर्षाला २१ हजार रुपये आहे. योगायोगच, पण तहसीलबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरून घेणाऱ्यांच्या रांगेकडे पाहताना तो आकडा डोक्यातून जात नाही.

वयाच्या पुराव्याची सगळ्यांत सुरस कथा आयर्लंडची. तिथे जन्माची सक्तीची नोंद १८६४ पासून सुरू झाली. म्हणजे १९०९ साली सत्तरीत असलेल्या कुणाकडेच सरकारी जन्मदाखला नव्हता. मग अधिकारी विचारायला लागले, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक भयंकर वादळ कोसळलं होतं. ज्याला ते आठवतं तो सत्तरीचा, असा हिशेब. झालं! खेड्यापाड्यांत एकाएकी स्मरणशक्तीला बहर आला. छप्पर कसं उडालं, शेजाऱ्याची गाय कुठे सापडली, सगळं सगळ्यांना आठवू लागलं. ज्यांना एवढ्यावर भागेना त्यांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या कागदांत आपली नावं शोधून घेतली. पुढे १९२२ मध्ये डब्लिनच्या दफ्तरखान्याला आग लागून त्यातले बहुतेक कागद जळाले. पेन्शनसाठी काढलेले उतारे तेवढे मागे राहिले, आणि आज वंशावळी शोधणारे तेच वाचत बसतात.

सातपुड्यातल्या म्हाताऱ्याला वय विचारा. तो आकडा सांगत नाही, काळ सांगतो. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होतो, सुकडी खाल्लेली आठवते.’ ही आपली मोठ्या वाऱ्याची रात्र. फरक एवढाच, की आयर्लंडच्या अधिकाऱ्याने ती आठवण निदान ऐकून घेतली. आपल्याकडे जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी टाकून कारकून मोकळा होतो, साल डोळ्यांच्या अंदाजाने. अख्ख्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. अंदाज पाच वर्षांनी कमी पडला, तर श्रावणबाळची पासष्टी पाच वर्षांनी लांबते. महिन्याचे दीड हजार रुपये, असे साठ महिने.

‘तू कोण’ या प्रश्नाचं उत्तर देशात सगळ्यांत आधी याच जिल्ह्याला मिळालं, हे विसरून चालणार नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. बारा आकडे हातात आले की योजना तुमच्यामागे चालत येईल, असा तो वायदा होता. क्रमांक खरोखरच माणसाबरोबर फिरतो. पण ज्या बोटांवर तो चालतो ती बोटं कोयता धरणारी आहेत. उसाचं पाचट आणि कोयत्याची मूठ बोटांवरच्या रेषा घासून टाकतात. यंत्र एकदा नाही म्हणतं, दोनदा नाही म्हणतं, मग कुणी सुचवतं, ‘हात धुवून या, तेल लावा.’

बोटांच्या ठशांचा या मुलखातला इतिहास आधारपेक्षा जुना आहे, आणि तो इंग्लंडच्या त्याच वर्षांत जाऊन मिळतो. १९०६ मध्ये लिबरल पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला, त्याच वर्षी इकडे खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचं नंदुरबार पश्चिम खानदेशात आलं. जुलै १९०८ मध्ये लंडनमध्ये पेन्शनच्या विधेयकावरची चर्चा संपत आली होती. त्याच महिन्याच्या २२ तारखेला मुंबईत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ब्रिटनवर आणि हिंदुस्थानावर राज्य करणारं मंत्रिमंडळ एकच, आणि भारतमंत्री जॉन मोर्ले त्याच टेबलाशी बसत. १९११ मध्ये तर कमाल झाली. ब्रिटनमध्ये विम्याचा कायदा होऊन मजुराला तिकिटं चिकटवायचं कार्ड मिळालं. हिंदुस्थानात त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा नव्याने करून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात नोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी, आणि गाव सोडायचं तर परवानगी. तिकडचं कार्ड माणूस आजारी पडला तर त्याला पैसे मिळावेत म्हणून होतं, इकडचा ठसा माणूस हलला तर कळावं म्हणून. दोन्हीकडे कारकून मात्र तितकाच नेटका.

कायदा लंडनमध्ये झाला म्हणून मजुरी वाढते असं तिकडेही नव्हतं. १९०९ च्या ट्रेड बोर्ड कायद्याने सगळ्यांत पिळवणूक होणारे चार धंदे निवडले: शिवणकाम, खोकी बनवणं, लेसचं काम आणि साखळ्या घडवणं. बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथ गावात बायका घरामागच्या भट्टीत ऐरणीवर साखळ्या ठोकायच्या, मुलं शेजारच्या टोपलीत. बोर्डाने त्यांना तासाला अडीच पेन्स ठरवून दिले. मालकांनी काय केलं? निरक्षर बायकांपुढे कागद ठेवले आणि आम्हाला हे दर नकोत असं त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. १९१० च्या उन्हाळ्यात कामगार नेत्या मेरी मॅकआर्थरच्या पुढाकाराने बायका दहा आठवडे संपावर राहिल्या, आणि मग दर मिळाला. कायदा १९०९ चा, मजुरी ऑक्टोबर १९१० ची.

शहाद्याची गोष्ट याच जातीची, पण कितीतरी कडू. तापीकाठच्या सुपीक जमिनी आदिवासींच्या हातून गेल्या होत्या आणि त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून राबत होते. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला गडी. पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या राखणीपर्यंत सगळं त्याचं, सुट्टी मालकाच्या मर्जीवर, आणि आजारी पडला तर दिवस कापलेला. वर पीक संरक्षण सोसायट्या. त्यांचे राखणदार शेतात शिरल्याच्या संशयावरून दंड करायचे. १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक जण मेला. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती तेव्हा सर्वोदयी कामात होते. भजनं म्हणणारा, शिकलेला भिल्ल तरुण, लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, कुमार शिराळकरांसारखे तरुण बाहेरून येऊन राहिले, श्रमिक संघटना उभी राहिली. वाहरू सोनवणे, ज्यांना मराठी वाचक कवी म्हणून ओळखतात, ते याच चळवळीतले.

संघटनेच्या मागण्या वाचल्या की लंडनचे कायदे आठवतात. किमान वेतन द्या. सालदाराला सुट्टी द्या, आणि ती पगारी द्या. दंड बंद करा. ज्याला १९११ नंतर इंग्लंडमध्ये हक्क म्हणू लागले, ते इथे साठ वर्षांनी मागणीच्या कागदावर होतं. फरक एवढाच, की क्रॅडली हीथच्या मालकाने कागद लिहून घेतला होता, इथे बंदूक निघाली होती. बायका इथेही पुढे होत्या. मजुरीच्या मोर्च्यात आल्या, मग गावोगावची दारूची मडकी फोडायला निघाल्या, कारण वाढलेली मजुरी गुत्त्यात जात होती. अंबरसिंग १९७४ मध्येच गेले, तरुण वयात. आजही शहाद्याच्या बाजूला म्हातारी माणसं सालदारकीबद्दल बोलताना ‘संघटनेच्या आधी’ आणि ‘संघटनेच्या नंतर’ अशी वाटणी करतात.

१९७२ चा दुष्काळ दुसऱ्या एका कारणाने आठवतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग केला होता: जो मागेल त्याला काम. दुष्काळाने तो प्रयोग राज्यभर नेला. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसे कुठून आणायचे? नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर. मुंबईतला कारकून आजही दरमहा जो कर भरतो, त्याचं मूळ कुठल्या तरी माळरानावरच्या खडीत आहे. ब्रिटनचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने १९०९ च्या अंदाजपत्रकात जमीनदारांवर आणि श्रीमंतांवर कर घातला तेव्हा उमराव सभागृहाने अंदाजपत्रकच फेटाळलं, दोन निवडणुका झाल्या, राज्यघटना हलली. आपल्याकडे व्यवसाय कर निमूटपणे कापला गेला, हे महाराष्ट्राचं एक न गायलेलं पुण्य.

पण ही हमी गावाला बांधलेली. आणि इथे मला विल्यम बेव्हरिज आठवतो. पुढे १९४२ च्या अहवालाने जगप्रसिद्ध झालेला हा माणूस जन्माने बंगालमधल्या रंगपूरचा, वडील सनदी अधिकारी. १९०९ च्या रोजगार केंद्रांची आखणी त्याची. त्या कायद्यातली एक छोटी तरतूद माझ्या डोक्यात घर करून आहे. दूरच्या गावी काम मिळालं तर मजुराला प्रवासखर्च केंद्राने उसना द्यायचा. म्हणजे उचलच. फक्त ती सरकार देतं आणि भाड्यापुरती देतं.

आपल्याकडे उचल मुकादम देतो, आणि देतो पावसाळ्यात, घरातली कणगी रिकामी असते तेव्हा. यॉर्कमध्ये घरोघर हिंडून सीबोम राउन्ट्रीने १९०१ मध्ये दाखवलं होतं की मजूर आयुष्यात तीनदा गरिबीत बुडतो: लहानपणी, पोरं लहान असताना, आणि म्हातारपणी. सातपुड्यात हे चक्र आयुष्याचं नाही, वर्षाचं आहे. आषाढ-श्रावणात बुडायचं, दिवाळीनंतर फडात जाऊन फेडायचं. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं हत्याराने मोजली जातात. मधल्या काळात पोटाला मिळणारं धान्य आणि हातखर्च खात्यावर चढत जातो, हिशेब हंगामाच्या शेवटी. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या भागात खानदेशी तोडकऱ्यांच्या तळांवर जाऊन हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं, आणि आज ते वाचताना तारीख बदलायची गरज वाटत नाही.

कोयता दोघांचा, हिशेब मात्र नवऱ्याच्या नावाचा. इथेही १९११ कडे एक धडा आहे. विम्याच्या कायद्यात बाळंतपणासाठी तीस शिलिंग होते आणि ते सुरुवातीला नवऱ्याच्या हाती जाऊ शकत. कष्टकरी बायकांच्या सहकारी मंडळाने भांडून १९१३ मध्ये ते आईचे करून घेतले. तेच भांडण मुंबईत १९२८ साली आलं. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता द्यावा या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात बाजूने बोलले, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा निघाला. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडणारी बाई या साखळीत कुठे बसते? आणि फडातली बाळंतीण? विमा कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. इंग्लंडनेही हेच केलं होतं, बेकारीचा विमा आधी जहाजबांधणी, बांधकाम, यंत्रकाम अशा निवडक धंद्यांना, आणि शेतमजुराला थेट १९३६ मध्ये. पण १९११ चं आजारपणाचं कार्ड मात्र शेतगड्यालाही होतं, मोलकरणीलाही. मजुराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. मालकिणींनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सभा भरवली, आम्ही मोलकरणींची तिकिटं चाटून चिकटवणार नाही म्हणून! तिकिटं चिकटलीच. मालक बदलला, गाव बदललं, तरी कार्ड खिशात. आजारी रजेवर असण्याला लोक ‘लॉइड जॉर्जवर असणं’ म्हणू लागले, जसं आपल्याकडे ‘निराधारचे पैसे’ म्हणतात.

खिशातलं कार्ड आपल्याकडेही आलं आहे, अर्धवट का होईना. रेशन कार्ड कुठल्याही राज्यात चालावं या योजनेच्या ऑगस्ट २०१९ मधल्या पहिल्या दोन जोड्यांपैकी एक महाराष्ट्र आणि गुजरात होती, म्हणजे नेमकी हीच वाट. पण कार्ड बारडोलीला नेलं तर घरच्या म्हातारीने काय खायचं, आणि फडापासून दुकान किती लांब? ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढलं, कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचे ठरवलं. गुजरातच्या कारखान्यात पडलेला टन या हिशेबात येत नाही. हंगामी वसतिगृहांमुळे थोडी मुलं मागे राहू शकतात. बाकीची आजीजवळ राहतात, तिच्या श्रावणबाळवर. बरीचशी ट्रकवर.

राहता राहिलं शाळेतलं जेवण. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण इतके रोडके निघाले की सरकार हादरलं, आणि त्यातून १९०६ चा कायदा आला. शाळेतल्या जेवणाने खरंच फरक पडतो का हे ब्रॅडफर्ड शहराने १९०७ मध्ये तपासून पाहिलं. एका शाळेतल्या सुमारे चाळीस मुलांना रोज खाऊ घातलं, सकाळी ओटची लापशी, दुपारी जेवण, आणि दर आठवड्याला वजन घेतलं. वजनाची रेघ वर चढत गेली. मध्ये सणाची सुट्टी आली, जेवण थांबलं, रेघ खाली आली. शाळा उघडली, पुन्हा वर. युक्तिवादाची गरजच उरली नाही, तो कागद दाखवला की काम झालं.

सातपुड्यातली अंगणवाडी सेविकाही दर महिन्याला वजन घेते. पोराला झोळीत टाकते, काटा स्थिर होईपर्यंत थांबते, वहीत आकडा लिहिते. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मग होळी येते, काठी गावच्या होळीला ढोल वाजतात, काही ट्रक चार दिवसांसाठी परततात आणि जातात. उन्हं तापली की बाकीचे येतात. मे महिन्याच्या चौकोनात पुन्हा आकडा पडतो. ऑक्टोबर आणि मे यांच्यामध्ये सहा रिकामे चौकोन, आणि शेऱ्याच्या रकान्यात बॉलपेनने एक शब्द: स्थलांतरित.